पिकअपच्या देखभालीचा हिशेब तासांत ठेवावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंब्रा बाह्यवळण, शीळफाटा, ठाणे-बेलापूर रस्ता आणि घोडबंदर रस्ता येथे मालवाहू गाडी बंद पडून झालेल्या कोंडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. त्यांत दोष बहुधा खड्ड्यांना, पावसाला आणि वाहतूक नियोजनाला दिला जातो, आणि तो अनाठायी नाही. परंतु ती गाडी मुळात बंद का पडली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तुर्भे येथे राहून वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पिकअप गाड्यांचा लहानसा व्यवसाय करणारा माणूस म्हणून मी त्या एकाच प्रश्नाविषयी लिहीत आहे. माझे म्हणणे असे, की ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात मीटरवरचे किलोमीटर पाहून पिकअपची देखभाल करण्याची पद्धतच सदोष आहे. इथे गाडी थोडी चालते आणि इंजिन फार चालते. त्यामुळे इंजिनाच्या तासांवर हिशेब ठेवला, तरच ती हप्ते फिटल्यानंतरही बरीच वर्षे भरवशाने काम देते.

बाजारातल्या पिकअपचा दिवस कसा जातो, हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पहाटे भाजीपाला बाजाराच्या गेटबाहेर रांग, आत गाळ्यापाशी माल भरेपर्यंत थांबणे, मग ऐरोली पुलावरून किंवा महापे-शीळ रस्त्याने रखडत ठाणे, डोंबिवली किंवा भिवंडी गाठणे, आणि तिथे दुकानोदुकानी माल उतरवताना पुन्हा थांबणे. रांग दर काही मिनिटांनी गाडीच्या लांबीएवढी सरकते, म्हणून चालक इंजिन बंद करत नाही. उन्हाळ्यात केबिनमधला पंखा चालू राहावा म्हणूनही करत नाही. संध्याकाळी मीटर पाहावा तर पन्नास-साठ किलोमीटर झालेले असतात आणि इंजिन मात्र सात-आठ तास चाललेले असते. नाशिक किंवा पुण्याला फेरी मारून येणारी गाडी तेवढ्याच तासांत याच्या कितीतरी पट अंतर कापते, आणि सर्व्हिस बुकात छापलेली किलोमीटरची मुदत तशा गाडीलाच बरोबर लागू पडते.

उभ्या गाडीचे चालू इंजिन आरामात असते, म्हणून ते झिजत नाही, असा समज चालकांत आहे आणि मालकांतही आहे. वस्तुस्थिती उलट आहे. डिझेल इंजिन मंद गतीवर असते तेव्हा आतले तापमान उतरते आणि फवारलेले सगळे डिझेल नीट जळत नाही. त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो आणि काजळी पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसू लागते. ऑइल पातळ होते, लवकर काळे पडते, आणि मंद गतीवर त्याचा दाबही कमीच असतो. मोकळ्या रस्त्यावर भार घेऊन चालताना इंजिन पूर्ण तापते, तेव्हा ऑइलमध्ये मिसळलेल्या इंधनाचा आणि ओलाव्याचा बराच अंश उडून जातो. रांगेतल्या गाडीला ती संधीच मिळत नाही. या सगळ्या वेळात मीटरवरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

अमेरिकेत पिकअप बनवणारी फोर्ड कंपनी उभ्याने चाललेला इंजिनाचा एक तास सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर प्रवासाबरोबर धरते. तोच हिशेब वाशीतल्या एखाद्या गाडीला लावून पाहावा. गाडी दिवसाला ५० किलोमीटर चालत असेल आणि चार तास उभ्याने इंजिन चालू राहत असेल, तर १० हजार किलोमीटरची ऑइल बदली मीटरप्रमाणे २०० दिवसांनी येते. तास धरले, तर दिवसाचे २१० किलोमीटर होतात आणि तीच बदली ४८ दिवसांतच येऊन ठेपते. हा गुणक प्रत्येक इंजिनाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही, आणि मी स्वतःही तो इतका कडक लावत नाही. पण दोन आकड्यांतली तफावत एवढी मोठी आहे, की मीटरवर विसंबणारा मालक कुठे फसतो हे समजायला ती पुरेशी आहे. सर्व्हिस बुकातही धूळ, पूर्ण भार आणि सतत थांबत-थांबत चालणे अशा परिस्थितीत मुदत कमी करण्याची सूचना बहुधा असते. ती शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असल्यामुळे कोणी वाचत नाही, इतकेच. बाजारात चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर छापील मुदतीच्या निम्म्यावर बदलावेत, हा माझ्या मते रास्त मध्यम मार्ग आहे. त्यात होणारा जादा खर्च इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो.

तास मोजणे कठीण नाही. आता पुष्कळ गाड्यांत जीपीएस ट्रॅकर असतो. मालक त्यावर गाडी कुठे पोहोचली एवढेच पाहतात. पण बऱ्याच ट्रॅकरच्या अहवालात इग्निशन चालू असल्याचे तास आणि गाडी प्रत्यक्ष हलल्याचे तास वेगवेगळे दिलेले असतात. आठवड्यातून एकदा ते दोन आकडे वहीत उतरवावेत. ट्रॅकर नसेल, तर चालकाने चावी फिरवल्याची आणि काढल्याची वेळ लिहिली तरी अंदाज बांधता येतो. यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे उभ्याने जळणारे डिझेल. पिकअपच्या आकाराचे इंजिन उभ्याने तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. महिनाअखेरीस त्याची बेरीज पाहिली, की चावी बंद करण्याची सवय मालक आपणहून लावून घेतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाळणी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते, आणि रांगेत उभ्या गाडीत तेवढा ताप येत नाही. मग गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून काजळी जाळू पाहते, तेवढ्यात चालक चावी काढून उतरतो, आणि अर्धवट राहिलेल्या त्या प्रयत्नातले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणूनच काही गाड्यांत डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. गॅरेजमधला मिस्त्री ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणून समाधान मानतो. वास्तविक ती धोक्याची खूण आहे आणि तसे दिसताच ऑइल बदलले पाहिजे. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, तर रात्री उशिरा शीव-पनवेल महामार्गावर किंवा उरणच्या रस्त्यावर गाडी एका लयीत वीसेक मिनिटे चालवावी. बहुतेक वेळा दिवा विझतो. दुर्लक्ष केल्यास वर्कशॉपमध्ये संगणक जोडून सफाई करावी लागते आणि तीही निष्फळ ठरली, तर गाळणीच बदलावी लागते. तिची किंमत ऐकून काही मालक गाळणी कापून काढतात आणि सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून दिवा बंद करवून घेतात. हा प्रकार बेकायदा आहे, आणि त्या धुराचा पहिला वाटा रांगेत मागे उभ्या असलेल्या आपल्याच चालकांच्या छातीत जातो.

या गाड्यांना कोणतेही ऑइल चालत नाही, हेही येथे नमूद करतो. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साचते. त्यासाठी कमी राख सोडणारे ऑइल सर्व्हिस बुकात नेमून दिलेले असते, ते डब्यावरचा दर्जा वाचूनच घ्यावे. ज्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीतून फवारले जाणारे द्रावण, लागते, त्यांच्या त्या टाकीत सीलबंद कॅनमधलेच डीईएफ भरावे. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून भरण्याची युक्ती सांगणारे महाभाग बाजारात भेटतात. त्या द्रावणातले क्षार पुढे पंप आणि फवारा दोन्ही निकामी करतात. सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपची संख्याही आपल्याकडे वाढली आहे. त्यांच्या गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी व्हावी लागते. सिलिंडरवरच्या पट्टीवरील तारीख मालकाने स्वतः वाचावी.

इंजिन तापण्याच्या तक्रारीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यावर सर्रास होणारा इलाज मला घातक वाटतो. कोंडीत समोरून वारा मिळत नाही, रेडिएटरच्या जाळीत चिखल, पिसे आणि भाजीचा पाला अडकलेला असतो, आणि कूलंटच्या जागी साधे पाणी असते. अशी गाडी तापली, की गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. गाडीचा काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण साधारण ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडणारा हा झडपेचा भाग इंजिनाला लवकर तापवून योग्य तापमानावर ठेवण्यासाठी असतो. तो काढल्यावर इंजिन कायम थंड राहते, डिझेल अर्धवट जळते, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि बीएस-६ गाडीत डीपीएफची सफाई आणखी अवघड होते. उभ्याने चालण्यामुळे होणारे सगळे नुकसान या एका इलाजाने दुप्पट होते. रेडिएटर बाहेरून कमी दाबाच्या पाण्याने धुणे, त्याचे झाकण दाब धरते की नाही हे पाहणे, पंख्याचा पट्टा किंवा फॅन क्लच तपासणे आणि कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळून भरणे, एवढे केल्यावरही गाडी तापत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. बोअरवेलचे पाणी मात्र कधीही भरू नये; त्यातला क्षार आत थर धरतो आणि तो कोणत्याही धुण्याने पुरता निघत नाही.

क्लचचेही आयुष्य इथे किलोमीटरवर ठरत नाही. शीळफाट्याच्या चढावर भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवणारा चालक एका पावसाळ्यात जेवढी प्लेट जाळतो, तेवढी महामार्गावरचा चालक काही वर्षांत जाळत नाही. पुढच्या गाडीशी थोडे अंतर राखून पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरकणे, आणि चढावर थांबताना हँडब्रेक लावणे, हे शिकवायला खर्च येत नाही. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जुनी सवय मात्र मोडायला हवी. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाचा फवारा बंदच होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मुंब्रा बाह्यवळणाच्या किंवा घोडबंदरजवळच्या गायमुख घाटाच्या उतारावर तापलेल्या ब्रेकचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. जुने झालेले ब्रेक ऑइल अशा वेळी उकळून नळीत वाफ धरते आणि पेडल थेट खाली जाते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली, तरी दर दोन वर्षांनी ते बदललेच पाहिजे.

आता भाराविषयी. पन्नास किलोच्या कांद्याची तीस पोती म्हणजे दीड टन, आणि बहुतेक पिकअपची परवानगी त्याच्याच आसपास संपते. २००५ साली आलेल्या आणि ‘छोटा हाथी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एससारख्या लहान गाडीची मर्यादा तर पाऊण टनाच्या आसपास. प्रत्यक्षात हौद्यावर किती पोती चढतात हे मार्केटमध्ये कोणालाही दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद झाली. तरीही भाडे ठरवताना दंडाचा विचार कोणी करत नाही, गाडीच्या झिजेचा तर नाहीच. मी व्यापाऱ्यांना पूर्ण दोष देत नाही. फेरीमागे मिळणारे भाडे इतके ओढगस्तीचे आहे, की चार पोती जास्त घेतल्याशिवाय हप्ता निघत नाही, असे सांगणारे मालक खोटे बोलत नसतात.

पण त्यासाठी मागच्या कमानीत, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, जादा पाटे टाकून घेण्याची जी प्रथा आहे, तिचा परिणाम फार थोड्या मालकांना माहीत असतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि मागचे हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाचे कवच, यांच्यातले अंतर भारामुळे किती कमी झाले, हे एका दांड्याच्या साहाय्याने पाहून तो भार ओळखतो. जादा पाटा टाकला, की भरलेली गाडीही मागून दबत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी मिळतो आणि थांबवण्याचे जवळजवळ सगळे काम पुढच्या ब्रेकवर येते. म्हणजे भार वाढवला आणि त्याच हाताने ब्रेक कमी केला. पुढची ब्रेक पॅड आणि डिस्क वारंवार का संपतात, याचे उत्तर पुष्कळदा मागच्या पाट्यात सापडते. त्याखेरीज न दबणारी कमान खड्ड्याचा दणका थेट चासीला देते आणि पुढे चासीला चीर जाते. पाटा तुटला तर कंपनीच्या मापाचा पाटा घालावा, बुश आणि शॅकल बदलावेत, यू-बोल्ट नवे लावावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत. एवढे करून कमान बसतच असेल, तर गाडीला तिच्या ताकदीपेक्षा जास्त काम दिले जात आहे, हे मान्य करून मोठी गाडी घ्यावी.

पावसाळ्यातील देखभाल किलोमीटरवरही नसते आणि तासांवरही नसते. ती पाण्यावर असते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचणे नवलाचे नाही. अशा पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे आता अनेकांना माहीत झाले आहे. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. चालून तापलेले हाउसिंग एकदम थंड पाण्यात शिरले, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून, किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. गाडी नंतर महिनोन्महिने ठीक चालते, आणि ऐन दिवाळीच्या हंगामात हाउसिंगमधली दातेरी चाके, म्हणजे क्राउन-पिनियन, ओरडू लागतात, तेव्हा जुलैतल्या पाण्याची आठवण कोणाला राहत नाही. चाकाच्या अर्ध्याहून खोल पाण्यातून गाडी गेली असेल, तर त्याच आठवड्यात हाउसिंगच्या ऑइलचा नमुना पाहावा. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर तत्काळ बदलावे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये आणि इतर ग्रीस निप्पलमध्ये जुने पाणीमिश्रित ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे, आणि डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा निचरा करण्याचा स्क्रू पावसाळाभर आठवड्यातून एकदा सैल करून पाहावा. आजच्या इंजिनांत डिझेल हजार बारहून कितीतरी अधिक दाबाने फवारले जाते. त्या सूक्ष्म छिद्रांना पाण्याचा थेंबही सोसत नाही.

गंज हा या भागाचा दुसरा शत्रू आहे, आणि तो गाडी उभी असतानाही काम करतो. खाडीवरून येणारी खारी हवा आहेच. त्याहून वाईट म्हणजे हौद्यात सांडणारे पाणी. मासळी वाहणाऱ्या गाडीतून मीठ-बर्फाचे पाणी चासीच्या खाचांत उतरते, आणि सडक्या भाजीचा, कांद्याचा रस पत्र्याच्या सांध्यांत साचतो. हौदा वरून धुतला जातो, पण खालून चासी, कमानीचे टोक आणि फाळक्याच्या बिजागऱ्या धुण्याचे कष्ट कोणी घेत नाही. हौद्याच्या तळातली निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत आणि मासळीच्या फेरीनंतर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा फवारा मारावा. पावसाळा संपल्यावर चासी वाळवून, गंज खरडून, प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. चासीला जुने इंजिन ऑइल फासण्याची पद्धत मला पसंत नाही. त्याने रबरी बुश आणि नळ्या फुगतात, त्यावर धूळ बसून ओल धरते, आणि पहिल्याच पावसात ते रस्त्यावर उतरते.

टायरमधील हवा, एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. एअर फिल्टरला हवा मारताना ती आतून बाहेर मारावी, उलट नव्हे, एवढेच सुचवतो. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. पावसात मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये.

हे सगळे माहीत असूनही होत का नाही, याचे कारण गॅरेजमध्ये सापडत नाही, व्यवहारात सापडते. चालकाला बहुधा फेरीवर पैसे मिळतात. गाडीतून नवा आवाज येत असल्याचे त्याने मालकाला सांगितले, तर गाडी गॅरेजला जाते आणि त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे आवाज सांगितला जात नाही. ज्या मालकाला गाडी टिकवायची आहे, त्याने बाजाराच्या सुट्टीला लागून दर महिन्याला अर्धा दिवस देखभालीसाठी राखून ठेवावा आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे चालकाला द्यावेत. शक्यतो एका गाडीवर एकच चालक असावा, कारण काल आणि आजच्या ब्रेकमधला फरक फक्त त्यालाच कळतो. दुसरे कारण म्हणजे पासिंग. मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्या दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवून, दिवे लावून गाडी न्यायची आणि संध्याकाळी टायर परत करायचे, हा प्रकार नवीन नाही. तपासणी यंत्राने होऊ लागली तरी ती एका दिवसाचीच राहणार. दोन तपासण्यांच्या मधल्या काळाची नोंद मालकाच्या वहीतच असू शकते.

काही गोष्टी मात्र मालकाच्या हातात नाहीत. बाजार समितीच्या गेटवर आणि मोठ्या गोदामांच्या दारात टोकनची पद्धत सुरू झाली, प्रत्येक गाडीला आत येण्याची अंदाजे वेळ मोबाइलवर कळली आणि तोवर गाडी उभी करायला वाहनतळ मिळाला, तर रांगेत पुढे सरकत राहण्यासाठी इंजिन चालू ठेवण्याचे कारणच उरणार नाही. या एका व्यवस्थेने वर लिहिलेल्या निम्म्या दुरुस्त्या टळतील असे माझे मत आहे. बाजार समिती, नवी मुंबई महापालिका आणि वाहतूक पोलिस यांनी मिळून निदान एका बाजारापुरता हा प्रयोग करून पाहावा.

ऑइल लवकर बदलावे असे सुचवताना जुन्या ऑइलचे काय करायचे, हेही सांगितले पाहिजे. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. प्रत्यक्षात लहान गॅरेजमधले ऑइल कुठल्या तरी भट्टीत जळते किंवा नाल्यात जाते, आणि आपल्याकडचे नाले ज्या ठाणे खाडीला मिळतात, ती २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र आहे. तुर्भे, कोपरखैरणे आणि कळंबोली येथे जिथे गॅरेजची दाटी आहे, तिथे महापालिकांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने वापरलेल्या ऑइलची संकलन केंद्रे उघडावीत आणि तिथे लिटरमागे रास्त भाव द्यावा. जुन्या ऑइलला भट्टीवाला आजही पैसे मोजतो. केंद्रावर त्याहून कमी मिळाले, तर गॅरेजवाला तिकडे फिरकणार नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक पिकअप व्यावसायिक,
तुर्भे, नवी मुंबई